माझ्याकडे चौदा महिने होते

हे लिहू का, असं मी नवऱ्याला विचारलं. ते म्हणाले, "लिही. माझं नाव घालू नकोस, दुकानाचं घालू नकोस, आणि शुद्धलेखन तपासून घे." म्हणून इथे ते फक्त 'अहो' आहेत. तशीही लग्नापासून मी त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली नाही.

मूल व्हावं म्हणून जे उपचार करतात त्यांत कुठली सुई कुठे टोचतात, ते तुम्हाला तुमचे डॉक्टर सांगतील. मी ज्यांच्यासाठी लिहितेय त्या बायका बहुतेक आत्ता अशाच एखाद्या दवाखान्यात, मांडीवर फाइल घेऊन, आपला नंबर कधी येतो ते बघत बसल्या असतील. त्यांना फाइलमध्ये नसतं ते सांगायचंय. माझ्या फाइलमध्ये तर माझी जन्मतारीखसुद्धा खरी नव्हती.

एक जून

माझं माहेर लोणी काळभोर. आई शेतावर जायची तेव्हा मला घरी बघायला कोणी नव्हतं, म्हणून वडिलांनी, आमच्या आबांनी, मला मोठ्या भावाबरोबर शाळेत नेऊन बसवलं. वय कमी भरत होतं. गुरुजींनी विचारलं, "जन्म कधीचा?" वडील म्हणाले, "नागपंचमीचा. साल काय ध्यानात न्हाई." गुरुजींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि एक जून लिहिलं. वर्षही असं घातलं की मी बरोबर सहाची झाले. एका क्षणात चौदा महिन्यांनी मोठी.

ज्यांचा जन्म शहरात झाला त्यांना हे खोटं वाटेल. पण कुठल्याही शाळेच्या स्टाफरूममध्ये जा आणि आमच्या पिढीला विचारा. मी एका शाळेच्या कार्यालयात आहे. आमच्याकडे एक जूनला एकदम पाचसहा वाढदिवस असतात आणि सगळ्यांत मिळून एकच पेढ्यांचा बॉक्स येतो. निवृत्त पण सगळे एकाच दिवशी होतात, एकतीस मेला. आम्ही त्यावर हसतो. दोन तारखा घेऊन जगण्यात काही लपवाछपवी आहे असं आम्हाला वाटतच नाही.

लपवाछपवी सुरू झाली ती लग्न ठरताना. सासूबाईंनी पत्रिका मागितली. नव्हतीच. वडील घाईघाईने जोशीबुवांकडे गेले आणि त्यांच्या हाताशी जी तारीख होती ती देऊन आले. शाळेची. तिच्यावरून पत्रिका झाली, एकोणतीस गुण जुळले, सासूबाई खूश. मी आईला म्हटलं, "आई, ही माझी पत्रिका नाही." आई म्हणाली, "एकोणतीस जुळल्यात. आता गप ऱ्हा."

मी गप्प राहिले. लग्नानंतर मूल होईना, तेव्हा सासूबाई तीच पत्रिका घेऊन पुण्यातल्या चार ज्योतिषांकडे जाऊन आल्या. पंचमस्थानात, म्हणजे संततीच्या घरात, शनी निघाला. त्यांनी शनिवार धरले. तेल वाहिलं, मीठ सोडलं, शांत केली. उन्हातून चालत यायच्या आणि मला म्हणायच्या, "तुझ्या शनीने माझे पाय पोळले गं." तो शनी माझा नव्हताच. कुणा एक जूनला जन्मलेल्या मुलीचा होता. सासूबाई गेल्या तेव्हाही मी त्यांना हे सांगितलेलं नव्हतं.

निदानाचा दिवस

आधीची वर्षं 'कारण सापडत नाही' यात गेली. ते फार वाईट असतं, कारण मग प्रत्येक जण आपापलं कारण शोधून काढतो. सासूबाई होत्या तोवर त्यांचा शनी पुढे होता, म्हणून आम्ही मोठ्या उपचारांकडे वळलो नाही. त्या गेल्यावर वळलो. उशिराच.

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली, रक्ताचा रिपोर्ट बघितला. मग पेन खाली ठेवलं. डॉक्टर पेन खाली ठेवतात तेव्हा मला पहिल्यापासून संशय येतो.

"अंडी जवळजवळ संपलीत," त्या म्हणाल्या. "तुमच्या वयाला धरूनच आहे. दुसऱ्या बाईची अंडी घेऊन करता येईल. गर्भाशय चांगलं आहे."

अहो पुढे वाकले. त्यांना फक्त 'करता येईल' ऐकू आलं होतं. मला 'दुसऱ्या बाईची' एवढंच. आणि आणखी एक, 'तुमच्या वयाला धरून'. कुठलं वय? तेव्हाच म्हणायला हवं होतं की डॉक्टर, मी एवढी नाही. पण त्याने रिपोर्ट थोडाच बदलणार होता? मी ओढणी नीट केली आणि उठले.

जूनच्या आत

कायदा आलेला होता. बाईला पन्नास, पुरुषाला पंचावन्न, त्यानंतर दवाखान्याला हे उपचार करता येत नाहीत. अहोंचं वय त्यांच्या मर्यादेच्या पुष्कळ आत होतं. प्रश्न माझा होता. तिथे समजावून सांगायला एक तरुण मुलगी असायची. तिने माझ्या आधार कार्डावर पेन टेकवलं आणि म्हणाली, "मॅम, डोन्ट वरी. अजून टाइम आहे. आपण जूनच्या आत बसवू."

बसवू. नळाची तोटी बसवतात तसं.

खरं सांगायचं तर मला त्या दवाखान्यातल्या कशावरच विश्वास नव्हता. भिंतीवर बाळांचे फोटो होते. ती सगळी एकाच घरातली वाटायची. ती मुलगी फार गोड बोलायची. पुण्यात कोणी एवढं गोड बोललं की मी पर्स जवळ ओढते. अंडी देणारी बाई कोण, ते कळत नाही, कळू नये असाच नियम आहे. मला तरी स्वारगेटला, भाजीला, सगळीकडे तीच दिसायची. नळीत जे ठेवतात ते आपलंच कशावरून, हेही मनात यायचं. अहोंना म्हटलं तर ते म्हणाले, "तू रेशनच्या तांदळावरही संशय घेतेस."

"मग? दर वेळी खडे निघतातच ना?"



बाहेरच्या खुर्च्या

बाहेर बसल्यावर बायका बायकांशी बोलतात. नवरे मोबाइल बघतात. अमरावतीकडच्या एक बाई होत्या, हिंजवडीला भाच्याकडे राहून उपचार घ्यायच्या. केस इतके काळे केलेले की डोळे दिपावेत. एकदा त्या माझ्या कानाशी आल्या.

"ताई, तुमचं वय काय जी?"

मी कागदावरचं सांगितलं.

"खरं की कागदावरचं?"

मी दचकलेच. त्या खुदकन हसल्या. "माह्या कागदावर सेहेचाळीस हाय. खरं म्हनान तं एकावन्न झाले. इथं कोन खरं सांगते, ताई? समद्याच लपवून ऱ्हायल्या."

त्या बाईंचं नंतर काय झालं मला माहीत नाही. पण त्या दिवसानंतर मी समोरच्या खुर्च्यांकडे तशीच बघायला लागले. हिने किती कमी करून आणलंय? तिने? त्या सगळ्या वय लपवत होत्या, आणि मीही लपवत होते. फक्त मी उलट्या बाजूने.

"परत कधी?"

एकदा बसवलं आणि दिवस राहिले.

त्या महिन्यांबद्दल मला फार लिहिता येणार नाही. अहो दुकानातून लवकर यायचे. बुधवार पेठेत त्यांचं विजेच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गिऱ्हाईक उभं असताना शटर ओढणारा माणूस नाही तो. माझ्यासाठी ओढायचे. एकदा निघताना दगडूशेठच्या दारात उभे राहून आले आणि मला म्हणाले, "काही मागितलं नाही. नुसतं सांगून आलो."

चौथ्या महिन्यात रक्तस्राव सुरू झाला. ऑफिसातच. शिपाईमावशींनी मला रिक्षात घातलं. पुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. जिन्यावरचा दिवा, कोणीतरी माझ्या बांगड्या काढतंय, कोणीतरी म्हणतंय "अजून एक बाटली मागवा". मी रक्ताच्या बाटलीकडे बघत होते आणि मला वाटत होतं की हीसुद्धा कुणा अनोळखी बाईचीच असणार. सगळं माझं दुसऱ्यांकडूनच चाललंय.

अतिदक्षता विभागात जाग आली तेव्हा पडद्यापलीकडे अहोंचा आवाज आला. ते डॉक्टरबाईंशी बोलत होते. मी कान दिले. त्यांनी विचारलं,

"परत कधी करता येईल?"

मी डोळे मिटून घेतले. सिस्टरला वाटलं मी झोपले. मी झोपले नव्हते. ते एक वाक्य मी उशाशी घेऊन पडले होते, आणि पुढे दीड वर्ष ते माझ्या उशाशी राहिलं.

दादाने तोंड उघडलं तो दिवस

साध्या खोलीत हलवल्यावर लोणीहून भाऊ आला. दादा म्हणजे मोठा आवाज, मोठा डबा. बाजरीची भाकरी, पातळ पिठलं, वर "हे खा, औषध राहू दे बाजूला." दवाखान्यात आलेला माणूस सांत्वन करायला लागला की मला पळून जावंसं वाटतं. दादाने सांत्वन केलं नाही. त्याने माझे पाय दाबले. त्या सगळ्या दिवसांतलं तेवढंच मला सुखाचं आठवतं.

अहो खिडकीशी होते. ते दादाला सांगत होते, "अजून दोन गर्भ गोठवून ठेवलेत तिथे. पण जूनच्या आत करावं लागेल. एक जूनला हिला पन्नास लागतील... म्हणजे पूर्ण होतील."

"जून?" दादा म्हणाला. "हिचा कुठला आलाय जून? दाजी, ही तर ना..."

"दादा, पाणी दे."

"देतो की. आरं पण ही तर नाग..."

"दादा. पाणी."

त्याने माझ्याकडे बघितलं. सख्खा भाऊ आहे, एकाच बाकावर बसून शिकलोय आम्ही. त्याने पेला भरला, मला दिला आणि अहोंना म्हणाला, "दाजी, खाली कँटीनला च्या बरा मिळतो का हो?"

घरी आल्यावर त्याचा फोन आला. "तुझ्या जन्माची नोंद ग्रामपंचायतीत हाय. मी सोता बघितलीया, आबा गेले तवा. काढून आणू? वकिलाकडनं काय करायचं ते करता येतंय म्हणत्यात. वरीस-सव्वा वरीस हातात येईल तुझ्या."

"नको."

"दाजींना इचारलंस?"

"नको म्हटलं ना, दादा. आणि कुणाला सांगू नकोस."

मग म्हणाला, "बरं. पण मला ह्यात नगं घेऊ परत."

हे मी केलं. माझ्याकडे चौदा महिने होते आणि मी ते नवऱ्यापासून लपवले. मला भीती वाटत होती. परत तो जिना, ती बाटली. पण 'मला नको' हे तोंडाने म्हणायचं धैर्य नव्हतं. आमच्या घरात मूल नको म्हणणारी बाई म्हणजे काय ते मी सासूबाईंच्या पायांकडे बघून शिकले होते. म्हणून मी ठरवलं, मी नाही म्हणणार नाही. एक जून म्हणेल. सरकार म्हणेल.

गोळ्यांची पाकिटं

तरी एक प्रयत्न झालाच. त्या वसंतात अस्तर जाड होण्यासाठी गोळ्या सुरू झाल्या. दर खेपेला तपासणी, दर खेपेला डॉक्टरबाई मान हलवायच्या. "वाढत नाहीये."

आणि अहोंना संशय यायला लागला. एकदा मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले तर ते त्यात वाकून बघत होते. हातात गोळ्यांचं रिकामं पाकीट.

"काय शोधताय?"

"काही नाही. बिल पडलं का बघत होतो."

"गोळ्या मोजताय माझ्या?"

त्यांनी पाकीट परत डब्यात टाकलं. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणतात वेळेवर घेतल्या तर सहसा वाढतं."

मी त्यांच्यासमोर पाणी घेतलं, गोळी घेतली, तोंड उघडून दाखवलं. शाळेत जंताची गोळी दिल्यावर मुलं दाखवतात तसं. फार रागावले होते मी. दोन दिवस बोलले नाही. कारण त्या गोळ्या मी खरोखरच घेत होते, एकही न चुकवता. संपूर्ण आयुष्यात तेवढी एकच गोष्ट मी स्वच्छ मनाने करत होते, आणि त्यांनी नेमका तिच्यावर संशय घेतला. जिथे घ्यायला हवा होता ती तारीख तर त्यांच्या डोळ्यांसमोर होती. दर वर्षी तिचा ते केक आणायचे.

त्या एक जूनलाही आणला. अननसाचा. त्यावर मेणबत्ती नव्हती, नुसतं 'पन्नास' लिहिलेलं होतं. सकाळीच दवाखान्यातून फोन येऊन गेला होता. मॅम, आता आपल्याला पुढे जाता येणार नाही, नियम आहे, व्हेरी सॉरी. अहोंनी केक कापला, मला दिला, स्वतः घेतला नाही. गच्चीवर जाऊन उभे राहिले.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता. मी दोन तुकडे खाल्ले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खाल्ले.

"कुठली?"

वाटलं होतं, संपलं. पण ते दोन गर्भ तिथे गोठलेलेच होते. दवाखान्यातून विचारणा यायची, पुढे ठेवायचेत की थांबवायचं, म्हणजे काढून टाकायचे, दोघांच्या सह्या लागतील. अहो म्हणायचे, "बघू." वर्ष असंच गेलं.

मग मेमध्ये ते एकदा दुकानातून आले तेच हसत. मी त्यांना असं हसताना कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. "एक गिऱ्हाईक वकील निघाला," ते म्हणाले. "म्हणाला, वयाच्या अटीवरून लोक कोर्टात जातात. प्रयत्न करून बघू म्हणाला. शनिवारी भेटायचंय."

शिवाजीनगरला कोर्टाजवळ त्यांचं ऑफिस होतं. वकील साठीचे, बारीक आवाजाचे, प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडमचं प्रतिज्ञापत्र लागेल. शपथेवर. तेवढं नीट घेतो. पूर्ण नाव?"

सांगितलं.

"जन्मतारीख?"

"कुठली?" मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. की मीच सोडलं, मला आजही सांगता येत नाही. शपथेवर हा शब्द ऐकला आणि आतलं काहीतरी सुटलं.

वकील हसले. "का हो, दोन आहेत की काय?"

"हो."

मी समोरच्या पेपरवेटकडे बघत सगळं सांगितलं. गुरुजी, एक जून, नागपंचमी, ग्रामपंचायत. वकिलांचा चेहरा एकेका वाक्याला उजळत गेला. शेवटी त्यांनी टेबलावर थाप मारली.

"अहो मग कोर्टात भांडायचंय कशाला कायद्याशी! तारीख दुरुस्त करून घेऊ. धावपळ होईल, पण अजून दोन-अडीच महिने आहेत तुमच्याकडे! हे आधी नाही का सांगायचं?"

त्या खोलीत आनंद झालेला माणूस तेवढा एकच होता.

अहो उठले. वकिलांना नमस्कार केला. म्हणाले, "कळवतो."

बाकावर

खाली उतरून आम्ही बसस्टॉपच्या बाकावर बसलो. बस येत होत्या, जात होत्या. कंडक्टर एकदा आमच्याकडे बघून ओरडला, "येणार आहात का नुसतंच बसणार?" अहो म्हणाले, "बसणार." गेला तो.

मला वाटलं आता ते मुलाबद्दल विचारतील. पहिलं वाक्य आलं ते असं:

"म्हणजे पत्रिका?"

"खोटी. म्हणजे... शाळेच्या तारखेवरची."

"एकोणतीस गुण?"

मी मान हलवली.

"मग आपले किती जुळतात?"

"माहीत नाही. कधी बघितलेच नाहीत."

ते हसतील असं क्षणभर वाटलं. नाही हसले. म्हणाले, "आई त्या शनीपायी अनवाणी जायची. चपला हातात घेऊन." त्यांनी स्वतःच्या चपलांकडे बघितलं. "तू बघत होतीस."

"हो."



आणखी एक बस गेल्यावर मी विचारलं. इतकी वर्षं न विचारलेलं. "मी तेव्हाच म्हटलं असतं, मला नको, मला भीती वाटते, तर तुम्ही थांबला असतात?"

मी कान देऊन बसले होते. त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नसता.

"नाही," ते म्हणाले. "नसतो थांबलो. तुला समजावलं असतं. दादांना बोलावून समजावलं असतं."

"मी पडद्याआड होते. तुम्ही विचारलंत, परत कधी करता येईल."

त्यांनी वळून बघितलं. त्यांना ते आठवत नव्हतं, मग आठवलं. "डॉक्टर म्हणाल्या होत्या, जीव वाचलाय असं अजून म्हणवत नाही," ते म्हणाले. "परत कधी, असं विचारलं म्हणजे परत आहे, तू आहेस असं धरायचं. मला दुसरं काय विचारतात ते सुचलं नाही."

हे खरं की आता रचलेलं? मी खूप विचार केला. अजून करते. पण त्या बाकावर मी एवढं म्हणाले, "चला, बस आली."

नागपंचमी

वकील म्हणाले तसे अडीच महिने होते. अहोंनी विषय काढला नाही. न काढलेल्या विषयाची मला जास्त भीती. ते फोनवर बोलत असले की मी भाजी परतायची थांबवून ऐकायची. एकदा दादाचा फोन आला. "दाजींनी केला हुता फोन."

मी गॅस बंद केला. "नोंद मागितली?"

"न्हाई गं. इचारत हुते, नक्की नागपंचमीचीच का. म्हटलं, व्हय. त्या दिशी घरात इळा-सुरीला हात लावत न्हाईत, मग सुईणीनं नाळ कशानं कापली म्हणून आपली आई आजून बोलणी खाती. मग लई हसले. मग इचारलं, ल्हानपणी कशी हुती. म्हटलं, अशीच. तोंडाला कुलूप."

माझा तरी विश्वास बसला नाही. मला वाटलं, नोंद दुसऱ्या कुणाकरवी आणवतील. नागपंचमीपर्यंत मी रोज त्यांच्या बॅगेकडे बघत होते. जसे ते माझ्या कचऱ्याच्या डब्यात बघत होते.

नागपंचमीच्या दिवशी मी पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती. अहो दुपारीच घरी आले, बॅगेसकट. बॅगेतून एक लिफाफा काढला आणि ओट्यावर ठेवला. नोंदच असणार.

नोंद नव्हती. दवाखान्याचा कागद होता, त्या दोन गोठवलेल्या गर्भांना थांबवण्याचा. खाली दोन सह्यांच्या जागा. एकीवर त्यांची सही झालेली होती, तीच बिलावर करतात ती, वळणाची.

"मनापासून केलीत?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "पण मीच केलीय. कुणी माझ्याकडून करवून घेतली नाही." पंख्याखाली बसले, चष्मा पुसला. "आज पन्नासची झालीस ना तू? आता खरोखरची. केक आणणार होतो. मग लक्षात आलं, आज कापायचं नसतं."

मी पेन शोधलं. फडताळात होतं. कागदापाशी आले, वाचला, आणि परत लिफाफ्यात घातला.

ते बघतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना संशय आला, गोळ्यांच्या पाकिटाच्या वेळचा. आता हिने काय काढलंय?

"उद्या करते," मी म्हणाले. "आज काही तोडायचं नसतं."

त्यांनी चष्मा खिशात ठेवला. मग उठून हात धुऊन आले आणि ताट घेतलं. दिंडं गरम होती, वर तूप. आम्ही दोघं जेवलो. लिफाफा ओट्यावर तसाच होता, आणि ते दोघं आणखी एक दिवस होते.

सही मी दुसऱ्या दिवशी केली.